आधी गाजर, मग गॉगल

जानेवारी उजाडला की माझ्या ड्रॉइंगच्या तासाला पिशवीभर गाजरं असायची. आदल्या संध्याकाळी शास्त्री बाजारातून निवडून आणलेली, वर जाड आणि खाली निमुळती. पॉलिटेक्निकच्या पोरांना वाटायचं, मॅडम घरची भाजी घेऊन आल्या. मी एक गाजर टेबलावर धरून सरळ आडवं कापायची. काप गोल. दुसरं तिरकं कापलं की काप लांबट, म्हणजे इलिप्स. तिसरं गाजराच्या उतरत्या कडेला समांतर कापायचं. ते सगळ्यात अवघड, सुरी घसरते, एकदा अंगठाही कापून घेतलाय. पण जमलं की हातात पॅराबोला येतो. ज्याला फळ्यावरच्या शंकूचे छेद तीन आठवडे कळले नव्हते, त्याचा चेहरा त्या कापाकडे बघून पाच मिनिटांत बदलायचा.

सगळ्यांचा नाही. वर्गात सात-आठ जण असे असायचेच की त्यांना गाजर गाजरच दिसायचं. कागदावरच्या तीन चपट्या आकृत्यांमधून, समोरून, वरून आणि बाजूने, एक भरीव वस्तू डोक्यात उभी करायची म्हणजे काय, हे त्यांना काही केल्या उमगत नसे. निवृत्त झाले तरी त्या सात-आठ जणांचा विचार सुटलेला नाही. हे लिहिते आहे तेही त्यांच्यासाठीच.

निमित्त मात्र वेगळं. जूनमध्ये रायपूरच्या आमच्या तात्यापाऱ्यात घरोघरी कॉलेजांची माहितीपत्रकं फिरू लागतात. शेजारचे एक गृहस्थ लेकीच्या ॲडमिशनची पत्रकं घेऊन आले. दोन पत्रकांच्या पहिल्याच पानावर काळा गॉगल लावलेली मुलगी, तिच्या तळहातावर तरंगणारं इंजिन आणि खाली ठळक अक्षरांत ‘एआर-व्हीआर लॅब’. त्यांनी विचारलं, “काकू, इथे फी जास्त आहे, पण हे असलं शिक्षण दुसरीकडे नाही म्हणतात. द्यावी का?”

ज्यांच्या घरात यंदा कोणी बारावी झालंय त्या सगळ्यांना मला जरा खाली बसवून बोलायचंय. भिलाईहून, धमतरीहून, बालोदहून मुलांना रायपूरला पाठवणाऱ्यांनाही. गॉगल वाईट आहे असं मी म्हणणार नाही. त्याच्या फोटोला फी देऊ नका, एवढंच म्हणणं आहे.

आधी ही चीज काय ते बघू. ऑगमेंटेड रिॲलिटी, थोडक्यात एआर. फोनचा कॅमेरा टेबलाकडे धरला की टेबल दिसतं, टेबलावरचा चहाचा कप दिसतो आणि कपाशेजारी, तिथे मुळात नसलेलं, एक हृदय धडधडताना दिसतं. टेबलाला वळसा घालून गेलात की हृदयाची मागची बाजू दिसते. सगळी खोलीच नाहीशी होऊन भलतं जग दिसतं ती व्हर्च्युअल रिॲलिटी, म्हणजे व्हीआर. पत्रकात दोन्ही एका दमात लिहितात, पण फरक थेट खिशाशी आहे. व्हीआरसाठी डोळ्यांवर डबा बांधावाच लागतो. एआरचं बरंचसं काम बऱ्यापैकी फोनवर भागतं. 1997 मध्ये रोनाल्ड अझुमा या संशोधकाने एआरच्या तीन खुणा सांगितल्या, त्या आजही चालतात: खरं आणि आभासी एकत्र दिसलं पाहिजे, आपण हललो की ते त्याच क्षणी बदललं पाहिजे आणि आभासी वस्तू जागेवर घट्ट बसली पाहिजे. कॉलेज दाखवायला नेतील तेव्हा एवढंच करा, दोन पावलं बाजूला सरका. वस्तू जागेवर राहिली तर एआर. तुमच्याबरोबर सरकली किंवा नुसतीच गरगर फिरत राहिली, तर तो व्हिडिओ आहे, आणि व्हिडिओ घरी फुकट दिसतो.

हे नाव पडलं तेही शोरूममध्ये नव्हे, कारखान्यात. 1990 च्या सुमाराला विमानं बनवणाऱ्या बोइंग कंपनीत टॉम कॉडेल नावाचे संशोधक होते. विमानातल्या तारांच्या जुड्या कामगार मोठमोठ्या फळ्यांवर नकाशा बघून बांधायचे. प्रत्येक जुडीची फळी वेगळी. कॉडेल आणि डेव्हिड मिझेल यांनी सुचवलं की कामगाराच्या डोळ्यांसमोर अशी काच धरू की कोणती तार कुठून न्यायची ते कोऱ्या फळीवरच उमटलेलं दिसेल. मला हे फार आवडतं. ड्रॉइंग वाचताना माणूस अडतो, तिथे त्याला हात देण्यासाठी ही विद्या निघाली.

आता तीस वर्षांत कॉलेजांमधून यावर जे संशोधन झालं ते काय सांगतं? निबंधांचा तर पूर आलाय. इतका, की एकमेकांचे निबंध मोजणारे निबंध निघतात, कोणत्या देशात किती छापले गेले आणि कोणाचा कोणी उल्लेख केला याचे रंगीबेरंगी नकाशे त्यात असतात. ते आपल्याला नकोत. कोणत्या मुलाला काय आलं, हे सांगणारे निबंध हवेत.

माझ्या विषयातला एक घ्या. स्पेनच्या टेनेरीफ बेटावर ला लागुना विद्यापीठ आहे. तिथे मार्टिन-गुतिएरेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी एक पुस्तक केलं. त्याचा अहवाल 2010 मध्ये आला. पुस्तक साधं, छापील, पण प्रत्येक पानावर एक काळी-पांढरी खूण. कॅमेऱ्यासमोर पान धरलं की त्या खुणेवर ठोकळा उभा राहतो. पान फिरवलं की ठोकळा फिरतो. मुलांनी तो बघून कागदावर आकृत्या काढायच्या. थोड्याच दिवसांच्या सरावाने त्यांची वस्तू मनात फिरवण्याची ताकद वाढली, चाचणीत दिसण्याइतकी. लागलं काय, तर कॉम्प्युटर, कॅमेरा आणि कागद. गॉगल नाही.

ही ताकद जन्मजात असते, हा आपल्याकडचा पक्का गैरसमज. ‘मुलींना ड्रॉइंग जमत नाही’ हे मी स्टाफरूममध्ये तीस वर्षं ऐकलं, आणि मी तिथेच बसलेली असायची. अमेरिकेत मिशिगन टेकमध्ये शेरिल सॉर्बी या प्राध्यापिकेने 1993 पासून वस्तू मनात फिरवण्याच्या चाचणीत मागे पडणाऱ्या पहिल्या वर्षाच्या मुलामुलींसाठी छोटा वर्ग चालवला. मागे पडणाऱ्यांत मुलींचं प्रमाण जास्त होतं. ठोकळे हातात घ्यायचे, आकृत्या काढायच्या, फिरवून बघायचं. वर्ग केलेल्या मुलींचे गुण वाढले आणि इंजिनिअरिंग सोडून जाण्याचं प्रमाण घटलं. सॉर्बीबाई स्वतः विद्यार्थिनी असताना याच विषयात अडखळल्या होत्या. म्हणजे ही सवय लावता येते. लाकडी ठोकळ्याने लागते, गाजराने लागते, आणि एआरनेही लागते. एआरचा फायदा एवढाच की ठोकळा पारदर्शक करता येतो, कापता येतो, पुन्हा जोडता येतो, आणि चाळीस मुलांना चाळीस ठोकळे लागत नाहीत.

डॉक्टरकीकडे वळलं की चित्र थोडं बदलतं. आपल्याकडे 1963 चं मेडिकल कॉलेज आहे, 2012 पासून एम्स आहे, आणि शहरातल्या निम्म्या आईवडिलांचे डोळे नीटच्या निकालाकडे. त्यांनी ऑस्ट्रेलियातल्या बाँड विद्यापीठाचा 2017 चा प्रयोग लक्षात ठेवावा. 59 जणांना कवटीची रचना शिकवली. काहींना व्हीआरने, काहींना एआरने, काहींना साध्या टॅबलेटवर. नंतर परीक्षा घेतली तर गुणांत म्हणण्यासारखा फरक नाही. व्हीआरवाल्यांना मात्र डोकं दुखणं, गरगरणं, धूसर दिसणं हे जास्त झालं. आणि तरीही एआर-व्हीआरवाल्यांना तास आवडला, ते रमले. त्यानंतर 2020 मध्ये नेदरलँड्सच्या लायडनकडच्या संशोधकांनी पायाच्या रचनेवर असाच प्रयोग केला. सगळ्यांची सरासरी काढली तर त्रिमितीत, खोलीसकट दिसणाऱ्या एआरने विशेष काही साधलं नाही. पण ज्यांना वस्तू मनात फिरवणं जड जातं, त्यांना त्याचा फायदा झाला.

वाचलंत ना? माझे सात-आठ जण ते हेच.

म्हणून ‘एआरमुळे शिक्षण सुधारतं का’ हा प्रश्नच ढोबळ आहे. कोणाचं, कोणत्या धड्यात, असं विचारायला हवं. 2019 मध्ये गार्झोन आणि असेवेदो यांनी 64 प्रयोगांचे आकडे एकत्र केले. सरासरी परिणाम 0.68 निघाला. साध्या भाषेत, एआरने शिकलेला मधल्या फळीतला विद्यार्थी साध्या पद्धतीने शिकलेल्या शंभरांतल्या साधारण पंचाहत्तरांच्या पुढे. आकडा चांगला आहे, कॉलेजवाले तो तुम्हाला ऐकवतीलही. पण असे बरेच प्रयोग एखाद्या धड्यापुरते, थोड्या दिवसांचे असतात, आणि नव्याचे नऊ दिवस कोणत्याही खेळण्याचे चांगलेच जातात. दहाव्या दिवशी काय, सहा महिन्यांनी डोक्यात किती उरलं, हे तपासणारे प्रयोग हवे तितके नाहीत. 2017 मध्ये तुर्कस्तानच्या आक्चायिर आडनावाच्या दोन संशोधकांनी 68 निबंध तपासले, त्यांनाही फायद्यात पहिला नंबर शिकण्याचाच दिसला. पण अडचणींत वरचं नाव होतं ‘वापरायला किचकट’. वेळ शिकण्यात जाण्याऐवजी चालू करण्यात जातो.

रिचर्ड क्लार्क नावाच्या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने 1983 मध्येच सुनावलं होतं की साधनाने शिक्षण होत नाही. किराणा घेऊन येणाऱ्या गाडीमुळे घरच्यांचं पोषण सुधारत नाही, तसंच हे. मला ते पूर्ण पटत नाही. गाजर नसतं तर माझी निम्मी पोरं कोरीच राहिली असती, आणि गाजर हे साधनच आहे. पण गाडीला हार घालून डबा रिकामा ठेवायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

कॉलेजचं नाव सांगत नाही. उद्घाटनाला बोलावलं होतं म्हणून मी आधी एकदा गेले होते: नारळ, फीत, सहा गॉगल, प्रत्येकाने लावून काढलेला फोटो. दीड वर्षाने कोणाच्या तरी कामासाठी परत गेले तर मुद्दाम म्हटलं, लॅब दाखवा. दाराला कुलूप. किल्ली ज्यांच्याकडे ते सर दुसरीकडे नोकरीला गेलेले. शिपायाने कुठून तरी दुसरी किल्ली शोधून आणली. आत टेबलांवर प्लास्टिकचं आच्छादन तसंच, कपाटात सहाही गॉगल फोमच्या खाचांत मापात बसलेले, बॅटऱ्या उतरलेल्या, आणि सॉफ्टवेअरचं लायसन्स एका वर्षाचं होतं ते संपलेलं. शिपाई म्हणाला, “मॅडम, पाहुणे आले की उघडतो.” गाजराची पुंगी वाजली तर वाजली, नाहीतर मोडून खाता येते. गॉगल खाता येत नाही.

हे रायपूरचंच रडगाणं आहे असं समजू नका. गूगलने शाळांसाठी काढलेलं एक्स्पिडिशन्स नावाचं ॲप 2021 मध्ये बंद केलं. मायक्रोसॉफ्टचा होलोलेन्स 2, ज्याची किंमत साडेतीन हजार डॉलरपासून सुरू व्हायची आणि ज्याच्या घराण्यातल्या गॉगलवर अमेरिकेतल्या केस वेस्टर्न विद्यापीठाने शरीररचनेचा अभ्यासक्रम बेतला, त्याचं उत्पादन 2024 मध्ये थांबलं. एवढ्या मोठ्या कंपन्या हात झटकतात तर आपल्या कॉलेजला गॉगल विकणारा दुकानदार पाच वर्षांनी फोन उचलेल, या भरवशावर राहू नका.

म्हणून लॅब दाखवायला नेलं की गॉगल किती, हे विचारू नका. वेळापत्रक मागा. कोणत्या विषयाच्या कोणत्या धड्याला ही लॅब वापरतात आणि माझ्या मुलीच्या वाट्याला महिन्यातून किती तास येतात, हे लेखी असेल तर लॅब जिवंत आहे. दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाला बाजूला घेऊन विचारा, आत शेवटचा कधी गेलास. पोरं खोटं बोलत नाहीत, नुसती हसतात, त्या हसण्यातून कळतं. गरगरतं, डोकं दुखतं अशा मुलांसाठी दुसरी सोय आहे का तेही विचारा. आणि हेच काम मुलांच्या स्वतःच्या फोनवर होतं का, हे विचाराच. होत असेल तर शिकवणारा धडपड्या आहे.

फोनवर काय होतं हे बघायला लांब जायला नको. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी आठवा, 2020 चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळालेले. पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड चिकटवून त्यांनी छापील कवितेला आवाज दिला, धड्याला चित्रफीत दिली. पुढे महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांतच ते कोड आले. क्यूआर म्हणजे एआर नव्हे. पण विचार तोच: पान तेच राहू दे, त्यात भर घाल. आणि तो गॉगल विकणाऱ्याला नाही, गावातल्या मास्तरांना सुचला. आज जिओजेब्रा हे गणिताचं ॲप फुकट आहे. फोन झेपणारा असेल तर त्यातला शंकू तुमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर उभा करता येतो, सपाट प्रतलाने कापता येतो आणि त्याला वळसा घालून बघता येतं. अंगठा शाबूत राहतो.

शिकवणाऱ्या माझ्या भावंडांना एकच सांगणं आहे. आधी काढायला लावा, मग दाखवा. ठोकळा एआरमध्ये आधीच फिरताना दिसला की मूल मान डोलावतं, आणि कागद पुढे केला की हात हलत नाही. उलट केलं, म्हणजे आधी चुकीची का होईना आकृती काढली आणि मग फोनमध्ये पाहिलं, तर ते स्वतःची चूक स्वतः पकडतं. पंधरा दिवसांनी फोन बाजूला ठेवून पुन्हा काढायला लावा. एम.एड. किंवा एम.टेक.चा प्रबंध यावर करणाऱ्यांनाही हेच म्हणेन: ‘चाळीसपैकी छत्तीस विद्यार्थ्यांना तास आवडला’ हा निष्कर्ष आता पुरे. आवडणारच. सहा महिन्यांनी जाऊन त्याच चाळिसांची परीक्षा घ्या, आणि वर्गातल्या खालच्या दहांचे गुण वेगळे मांडा.

भाषेचंही बोलायला हवं. धमतरीकडून आलेली मुलगी बारावीपर्यंत हिंदीत शिकलेली, घरी छत्तीसगढी किंवा आमच्यासारखी मराठी; आणि तरंगणाऱ्या हृदयावरच्या चिठ्ठ्या सगळ्या इंग्रजीत, त्याही परदेशी उच्चारात वाचून दाखवलेल्या. हृदय कळतं, चिठ्ठी अडते. बूढा तालाबाजवळच्या ज्या शाळेला माधवराव सप्र्यांचं नाव आहे, त्या सप्र्यांनी मराठी घरात जन्मून हिंदीची सेवा केली. दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेलं हे आपण अभिमानाने सांगतो. पण काशीच्या नागरी प्रचारिणी सभेच्या शास्त्रीय परिभाषाकोशासाठी त्यांनी अर्थशास्त्राचे शब्द घडवले, हे फारसं कोणी सांगत नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दहा वर्षांतली गोष्ट. तसलं काम आज या चिठ्ठ्यांसाठी हवंय. 1935 पासूनचं आपलं महाराष्ट्र मंडळ चौबे कॉलनीत आहे, शहरात एनआयटी आहे, नवा रायपूरला ट्रिपल आयटी आहे. मंडळातल्या निवृत्त शिक्षकांनी शब्द द्यावेत आणि तिथल्या पोरांनी ते चिठ्ठ्यांवर चढवावेत. मी माझ्या विषयाचे दोनशे शब्द हिंदी-मराठीत लिहून ठेवलेत. ज्यांना हवे त्यांनी घरी येऊन न्यावेत, चहा मिळेल.

इतिहासवाल्यांनाही इथे करण्यासारखं आहे. सिरपूरच्या लक्ष्मण मंदिराचं विटांचं शिखर अजून उभं आहे, पण पुढचा मंडप पडलाय, नुसते खांबांचे बुंधे उरलेत. ग्रीसच्या ऑलिम्पियात 2001 च्या सुमारास आर्किओगाइड नावाच्या प्रकल्पात भग्न देवळांवर मूळ देऊळ उभं करून दाखवत होते. सिरपुरात असा मंडप कोणी उभा केलाच, तर कोणता भाग पुराव्याचा आणि कोणता आपल्या मनाचा, हे वेगळ्या रंगात दाखवा. नाहीतर पुढची पिढी आपली कल्पनाच इतिहास म्हणून पाठ करेल.

शेजारच्या मुलीचं सांगायचं राहिलं. बापलेक दोन कॉलेजं बघून आले. पहिल्यात लॅब चकचकीत, वेळापत्रक मात्र ‘सत्र सुरू झाल्यावर मिळेल’. दुसऱ्यात लॅबच नाही. ड्रॉइंगच्या सरांनी तिला एक लोखंडी नट-बोल्ट दिला, त्याचं चित्र काढायला लावलं, मग खिशातून घडी घातलेला कागद काढला, त्यावरच्या खुणेवर स्वतःचा फोन धरला आणि तोच नट-बोल्ट उभा कापून आत दाखवला. आटे कसे एकमेकांत बसतात ते तिने तिथे पहिल्यांदा पाहिलं. आपल्या चित्रात ते उलटे आलेत, हे तिचं तिलाच कळलं. घरी येऊन तिने ते चित्र खोडून पुन्हा काढलंय, मला आणून दाखवलं.

तिला तिथेच जायचंय. वडील अजून घुटमळतायत. काल संध्याकाळी जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, “ते सगळं खरं काकू, पण त्यांच्याकडे गॉगल एकही नाही हो.”